खारट दूध

इंदापूरच्या बाजारात सोनबा भेटले नसते, तर मला कळायला फार उशीर झाला असता. सोनबा म्हणजे माझ्या रोहिणीचे सासरे, शेळगावचे. मी बावड्याहून बाजाराला गेले होते आणि मिरच्या निवडत बसले होते. तेव्हा आमच्या गावात फोन मोजक्याच घरांत होता, शेळगावच्या त्यांच्या वस्तीवर तर नव्हताच. लेकीकडची खबर मिळायची ती अशी बाजारात, समोरच्याला सांगायची आठवण राहिली तर.

"राम राम, विहीणबाई. एकट्याच?"

"ह्यास्नी कुठली सवड? उसाच्या फडात टोळी आलीया तोडणीला," मी म्हणाले. "रोहिणी बरी हाय न्हवं? बाळ?"

सोनबांनी तंबाखूची चिमूट गालात धरली आणि मिरच्यांकडे बघत राहिले.

"हायती की. तिचं अंग जरा तापलंया. एकदा येऊन बघून जावा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी सांगितलं म्हणून बोलू नका हां. न्हायतर तुमची विहीण मला मेंढरांत झोपवंल."

"मेंढरं तर कोकणात गेल्यात."

"मंग मेंढरांच्या मोकळ्या वाड्यात झोपवंल. थंडी काय कमी हाय?"

ते हसले, मीही हसले. पण थोडं पुढे जाऊन ते परत आले आणि म्हणाले, "उद्याच या."

मी मिरच्या न घेताच उठले.

किल्लारीला भूकंप झाला त्या सालचा तो हिवाळा. भूकंपाच्या पहाटे रोहिणी आमच्याच घरी ओली बाळंतीण होती. भांडी वाजली तशी मी बाळाला उचलून अंगणात धावले होते आणि ती माझ्यामागे आडवी-तिडवी पळत आली होती. पहिलंच बाळंतपण, मुलगा झाला, नाव नागेश ठेवलं. दिवाळीनंतर आम्ही दोघांना सासरी पोहोचवलं आणि लगेचच जावई, मल्हारराव, मेंढरं घेऊन निघून गेले. त्यांच्या वस्तीची रीतच तशी. दिवाळी झाली की जेवढी म्हणून हातपाय धड असलेली माणसं, ती बायका-लेकरं, घोडी, कुत्री घेऊन मेंढरांमागे घाट उतरायची आणि पावसाच्या तोंडाला परत यायची. मागे राहायची ती म्हातारी. आमचंही कूळ तेच, धनगराचं. पण माझ्या सासऱ्यांच्या काळात आमच्या रानात पाणी आलं, त्यांनी मेंढरं विकून ऊस लावला आणि आमचं ते फिरणं थांबलं. रोहिणीला मेंढरं असलेल्या घरात दिली तेव्हा माझ्या आईला फार आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं मी शेळगावला उतरले आणि वस्तीच्या वाटेला लागले. निम्मी घरं बंद. एवढ्या शांततेत बाळाचं रडणं लांबूनच ऐकू आलं. रडणं कसलं, आईपासून तुटलेलं कोकरू ओरडतं तसं, बारीक आणि थांबून थांबून. माझी विहीण म्हाळसाबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या. पायांवर नागेश आणि हातात पितळी बोंडलं. बोंडल्याची चोच त्या त्याच्या ओठांत घालायच्या आणि दूध त्याच्या गालावरून कानाकडे ओघळून जायचं.

"या विहीणबाई. कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. सपान पडलं."

"सपानाला बरा पत्ता गावला," असं म्हणून त्यांनी आतल्या बाजूला, सोनबांच्या खोकल्याच्या दिशेनं एकदा बघितलं.

"अंगावरचं देत न्हाय काय त्याला?"

"कसं देणार? तिला दगडी झालीया. जावा आत, बगा."

दगडी म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. मेंढीची कास सुजते, तापते, दगडासारखी टणक होते, दुधात गाठी येतात. अशा मेंढीला कुणी कोकरू लावत नाही. पण तो शब्द माझ्या लेकीसाठी ऐकला आणि मी तशीच आत धावले.

रोहिणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. छातीला धोतराचा पट्टा करकचून बांधलेला, त्याला आंबेहळदीचा वास. कपाळाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. मी पट्टा सोडला. उजवी बाजू लालभडक आणि चकचकीत झाली होती. माझं बोट नुसतं जवळ गेलं तरी ती आक्रसली. डावी बाजू लाल नव्हती, पण दूध तुंबून तीही गाठी-गाठींची झाली होती.

"कवापासनं पाजलं न्हाईस?"

"ताप आला तवापासनं. आत्याबाईंनी उचलून नेलं त्याला. आई, तो रात्री रडला की माझ्या छातीतनं कळ येती आन् दूध गळतं. मी तोंडात पदर घालून पडती."

"आन् तू काय बोलली न्हाईस?"

"काय बोलू? दगडीचं दूध प्यालेलं कोकरू वाचत न्हाय म्हणतात त्या. मला बाळ पायजे, आई."

म्हाळसाबाई दारात येऊन उभ्या होत्या. उंच बाई, कपाळाला भंडारा, रात्रभर जागून डोळे तांबडे झालेले. त्या दुष्ट नव्हत्या, हे मला आधी सांगितलं पाहिजे. चार ठिकाणचे लोक आजारी कोकरू पोत्यात घालून त्यांच्याकडे आणायचे. थंडीत पोरकी कोकरं त्या आपल्या घोंगडीत घेऊन झोपायच्या. मल्हाररावांच्या पाठीवर झालेलं त्यांचं एकही मूल जगलं नव्हतं. हा नातू त्यांनी डोळ्यांत तेल घालून जपला होता आणि आताही जपतच होत्या.

"डावीकडनं तरी पाजू द्यायचं," मी म्हणाले. "डावी चांगली हाय की."

"तुमी आता ऊसवाल्या झाला, विहीणबाई. मेंढीची कास शेवटची कवा धरली हुती?"

"बोटं विसरत न्हाईत."

"मंग जिभंला आठवतंय का बघा." त्या खाली बसल्या. रोहिणीच्या डाव्या बाजूचे दोन-चार थेंब त्यांनी आपल्या तळहातावर काढले आणि हात माझ्यापुढे धरला. "चांगल्या बाजूचं हाय. चाखा."

मी बोट बुडवून जिभेला लावलं. दूध खारट होतं.

माझी आजी अशीच तळहातावर धार घेऊन चाखायची. खारट लागलं की कोकरू बाजूला. दोन्हीकडचं बाजूला, कारण एका बाजूचा आजार दुसरीकडे उतरतो म्हणायचे. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. रोहिणी माझ्या तोंडाकडे बघत होती आणि माझ्या तोंडावर काय दिसलं असेल ते तिला कळलंच असणार, कारण तिनं हळूच पदर ओढून छाती झाकून घेतली.

मी बाहेर येऊन बाळाला घेतलं. तेव्हा मात्र मी हादरले. तीन महिन्यांचं पोर, आमच्याकडून गेलं तेव्हा मांडीला वळ्या होत्या. आता मांडीची कातडी ढिली लागत होती. टाळू आत गेलेली. तोंडात बोट घातलं तर जीभ कोरडी. बकरीचं दूध पाणी घालून देत होत्या, ते त्याला पचत नव्हतं, हिरवं पाणी होऊन जात होतं. वस्तीवर एखादी लेकुरवाळी असती तर तिनं पाजलं असतं. पण सगळ्या लेकुरवाळ्या घाटाखाली.

"मी रोहिणीला बारामतीला नेती, डाक्टरकडं," मी म्हणाले.

"डाक्टर काय करील? चिरल. वस्तीवरल्या फुलाबाईच्या सुनंचं चिरलं आन् थान वाळून गेलं. एका थानाची झाली ती."

"एका थानाची झाली, पर जित्ती हाय न्हवं?"

"आन् माझा नातू?"

"त्यालाबी नेती."

"त्यो कुठं जात न्हाय."

त्या काळी मुलीच्या आईनं विहिणीपुढे मान वर करायची नसे. लग्नात मी ह्याच बाईंचे पाय परातीत धुतले होते. आवाज चढवला असता तर मी गेल्यावर त्याचा दंड रोहिणीला भरावा लागला असता. मी बाळ परत त्यांच्या पायांवर ठेवलं.

"मंग तुमीबी चला. बाळ तुमच्याच मांडीवर ऱ्हाऊ दे. मी हात लावत न्हाय. डाक्टर काय म्हणती ते तुमच्या कानांनी ऐका, न्हाय पटलं तर माघारी फिरू."

आतून सोनबा म्हणाले, "बारामतीची यष्टी यायचा टाइम झाला."

"तुमाला कुणी इचारलं?"

"कुणी न्हाय. मी आपलं यष्टीचं सांगतुया."

म्हाळसाबाईंनी बोंडलं पालथं घातलं, घोंगडी उचलली आणि उठल्या.

एस.टी.त रोहिणी खिडकीशी बसली, उजवा हात अंगापासून लांब धरून. रस्ता तेव्हा असा होता की खड्डा आला की सगळी गाडी एकदम उसासायची. प्रत्येक खड्ड्याला ती ओठ दाताखाली धरायची. पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग, तिच्यामागे आमची गाडी बैलाच्या चालीनं. कंडक्टर खाली उतरून गाडीवानांवर ओरडून आला, तरी काही उपयोग नाही. थोड्या वेळानं बाळाचं रडणं थांबलं. रडत होतं तोवर बरं होतं. मी वाकून वाकून घोंगडीत बघू लागले.

"काय सारखं बघताय?" म्हाळसाबाई खेकसल्या. "हाय. श्वास हाय."

पण मी तोंड फिरवलं की त्या स्वतः आपला गाल त्याच्या नाकाशी नेत होत्या. मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरबाई होत्या. बाहेर बायकांची ही गर्दी. पण त्यांनी दारातून बाळाकडे बघितलं आणि आम्हालाच आधी आत घेतलं, त्यानं माझी भीती आणखी वाढली.

"बाळानं लघवी कधी केली?"

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"काल," म्हाळसाबाई म्हणाल्या.

"काल केव्हा?"

त्यांना सांगता आलं नाही. डॉक्टरबाईंनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच बसली नाही. मग रोहिणीला तपासलं. उजवीकडे पू झाला होता, चीर द्यावी लागणार होती, आणि औषधं.

"आणि बाळाला आत्तापासून अंगावर घ्या," त्या म्हणाल्या. "आत्ता डावीकडून. उजवीकडची जखम जरा सुकली की तिकडूनही. दूध बंद करायचं नाही."

"पिकल्यालं दूध?" म्हाळसाबाई म्हणाल्या.

"त्यानं बाळाला काही होत नाही, आजी."

"मेंढीला दगडी झाली की आमी कोकरू लावत न्हाय."

"ही मेंढी नाही."

"म्हाईत हाय. मेंढी आसती तर तुमच्याकडं आणली नसती. दूध खारट झालंय तिचं. मी चाखलंय, ह्या विहीणबाईंनी चाखलंय."

डॉक्टरबाई थांबल्या. मला वाटलं, आता रागावतील. पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "खारट झालं असेल. दूध तुंबलं की खारट होतं. पाजणं बंद केलं म्हणून तुंबलं. बाळ ओढायला लागलं की पुन्हा गोड होईल. बाळाचं अंग कोरडं पडलंय, आजी. संध्याकाळपर्यंत तो प्यायला लागला नाही, तर सलाईन लावावं लागेल. एवढ्याशा जिवाची शीर सापडणं अवघड असतं. मग मी पुण्याला पाठवीन."

म्हाळसाबाईंनी घोंगडी बाळाभोवती आणखी घट्ट केली. पाजणं बंद केलं म्हणून खारट, हे त्यांनी ऐकलं होतं. पण ऐकणं वेगळं. त्यांची सगळी हयात दुसरं सांगत होती.

चीर दिली तेव्हा आम्ही दोघी बाहेर बाकावर होतो. रोहिणीचा आवाज आला तशी म्हाळसाबाईंनी बाळाचे कान झाकले आणि "येळकोट, येळकोट" असं पुटपुटत पुढे-मागे झुलू लागल्या.

मग रोहिणीला आतल्या खोलीत खाटेवर आणलं. उजवी बाजू पट्टीनं बांधलेली. मी बाळाला तिच्या डावीकडे घेतलं. त्याला तोंड लावता येईना. बोंडल्याची सवय लागली असेल, असं मला आधी वाटलं. पुन्हा लावलं, पुन्हा सुटलं. त्याच्यात रडायचंही त्राण नव्हतं, नुसतं तोंड उघडायचा आणि मिटायचा. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत होतं आणि मी त्या उन्हाकडे बघायचं टाळत होते. असं कितीतरी वेळा झालं, मग माझ्या लक्षात आलं की बाळ सुटत नव्हतं. त्याचं तोंड जवळ आलं की रोहिणीच खांदा मागे घेत होती. अगदी बोटभर. तिला स्वतःलाही कळत नसावं.

"रोहिणी, तूच मागं सरतीस."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आई, त्याला काय झालं तर? आत्याबाईंचं खरं आसलं तर? माझ्याच हातानं मी त्याला..."

"डाक्टरीणबाईंनी सांगितलं न्हवं?"

"त्यांनी आत्याबाईंची कोकरं बघितल्यात का?"

मी तिला समजावलं, रागावले, पाठीवरून हात फिरवला. तिची छाती दगडासारखी भरलेली आणि एक थेंब बाहेर यायला तयार नाही. भ्यालेली गाय पान्हा चोरते, तसं ते होतं. मी कितीही बोलले तरी उपयोग नव्हता, कारण मीही ते दूध चाखून गप्प बसले होते आणि तिनं ते पाहिलं होतं. तिला सोडवणारा शब्द एकाच माणसाच्या तोंडात होता.

म्हाळसाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"विहीणबाई," मी म्हणाले, "तुमी तिला एकदा पाज म्हणून सांगा. ती दुसऱ्या कुणाचं ऐकत न्हाय."

"मी खोटं सांगू?"

"खोटं कशाला? डाक्टर..."

"डाक्टरचं डाक्टरनं सांगितलं. माझ्या जिभंला खारट लागलं ते मी थुकून टाकू काय? लोकं माझ्याकडं कोकरू आणत्यात. ह्ये जगंल, ह्ये न्हाय जगत, मी तोंडावर सांगती. कधी खोटं बोलली न्हाय. आन् आज माझ्याच घरातल्या लेकराला...?" त्यांचा आवाज फाटला. "उद्या मल्हारनं इचारलं तर कंच्या तोंडानं सांगू, की मी म्हणाली पाज?"

"न्हाय पाजलं तर काय सांगाल?"

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी माझा दंड धरून मला वरच्या वर थांबवलं. केवढी पकड होती त्या हातात.

"ह्ये काय करताय? व्हा बाजूला."

त्या उठून आत गेल्या. मी मागोमाग. खाटेशेजारच्या कट्ट्यावर स्टीलची वाटी होती, ती त्यांनी उचलली, पदरानं पुसली आणि रोहिणीशेजारी बसल्या.

"अंग ढिलं सोड. मी हाय."

मग त्या हातांनी डावी बाजू बगलेकडून हळूहळू दाबत आणली. इतका वेळ माझ्या हाताला दाद न देणारी छाती त्या हातांना ओळखीची असल्यासारखी मऊ पडत गेली. आधी थेंब, मग बारीक धार. रोहिणीनं डोळे मिटून घेतले होते. वाटीत बोटभर दूध जमलं, पिवळसर, जडसर. म्हाळसाबाईंनी ते हुंगलं. मला वाटलं, आता चाखणार आणि पुन्हा तेच सांगणार. त्यांनी वाटी तोंडाला लावली आणि काढा पितात तशी एका दमात रिकामी केली.

"आत्याबाई!" रोहिणी ओरडली.

"गप. मेंढीचं आसतं तर आदी कुत्र्याला घातलं आसतं. हितं कुत्रं कुठनं आणू?"

त्यांनी वाटी खाली ठेवली, मांडी घातली, पोटावर हात ठेवला आणि समोर बघत बसल्या. झाडायला आलेली दवाखान्यातली साखरबाई केरसुणी हातात घेऊन दारातच थांबली.

"काय झालं ओ?"

"काय न्हाय. थांबलुया," म्हाळसाबाई म्हणाल्या.

आम्हीही थांबलो. बाळ माझ्या मांडीवर तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. मला ओरडावंसं वाटत होतं की एवढा वेळ नाही आपल्याकडे. पण मी जीभ चावून बसले, कारण त्या बाईला तिच्याच रीतीनं खात्री करून घ्यायची होती आणि ती खात्री करताना मध्ये बोललेलं चालत नाही.

"लई खारट," त्या अखेर म्हणाल्या. पुन्हा थोडा वेळ गेला. "पर इख न्हाय."

आणि मोठा ढेकर दिला.

साखरबाई आधी हसली. मग माझ्या तोंडून निघून गेलं, ह्या बाईंपुढे मी एरवी अशी चेष्टा जन्मात केली नसती. "विहीणबाई, माझ्या लेकीचं दूध प्यालासा. आता मी तुमची आज्जी लागली."

"लागा की," त्या म्हणाल्या. "आज्जी, जरा पाणी द्या. तोंडाची चव गेली."

रोहिणीला हसू फुटलं. हसताना उजवीकडे कळ येत होती, तशी ती हाय हाय करत होती आणि हसत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिच्या चोळीची डावी बाजू भिजत गेलेली मी पाहिली आणि काही न बोलता बाळ तिच्याजवळ नेलं.

म्हाळसाबाईंनी त्याच्या मानेमागे हात घातला. "घे रं माझ्या लेकरा. खारट हाय, तरी घे."

या वेळी खांदा मागे सरला नाही. नागेशनं थेंब चाटला, तोंड वाकडं केलं, सोडून दिलं. पुन्हा चाटला. मग एकदम त्याची हनुवटी हलायला लागली आणि घुटका गिळल्याचा आवाज आला. आम्ही चौघी त्या आवाजाकडे कान लावून होतो. थोडं प्याला आणि झोपला, आणि ती झोप आहे की ग्लानी, ह्या काळजीनं मी त्याच्या नाकाखाली बोट धरून बसले. जागा झाला, पुन्हा प्याला. दिवस मावळायच्या आत त्यानं म्हाळसाबाईंचं लुगडं भिजवलं. ते ओलं लुगडं त्या डॉक्टरबाईंना दाखवायला गेल्या. सलाईन लावलं नाही, पुण्यालाही जावं लागलं नाही.

पण एवढ्यानं संपलं नव्हतं. परत निघताना डॉक्टरबाईंनी बजावलं, की उजवी बाजू नुसती सोडून द्यायची नाही. जखम सुकत आली की तिकडेही बाळाला घ्यायचं. नाहीतर दूध तुंबून पुन्हा पू होईल आणि पुन्हा चिरावं लागेल. म्हाळसाबाईंनी गाडीत बसल्यावर सांगून टाकलं, "डावीकडचं मी प्याली. उजवीकडचं मला सांगू नका. त्यातनं पू निघाल्याला ह्या डोळ्यांनी बघितलाय."

मी काही दिवस शेळगावला राहिले. घरी ऊस तोडणीला, टोळीचा मुकादम रोज काहीतरी काढायचा, मला परत जावंच लागलं. ताप उतरला होता, बाळाच्या अंगावर ओल आली होती. तरी निघताना रोहिणीनं माझा हात सोडला नाही. "आई, उजवीकडं परत जड व्हायला लागलंय," एवढंच ती म्हणाली, तेही सासू पाठमोरी असताना.

बावड्यात माझं मन लागेना. इंदापूरच्या बाजारात सोनबांना शोधत हिंडले. भेटले तेव्हा म्हणाले, "फुगलंय म्हणत्यात तिकडं. शेकत्यात."

"पाजती का न्हाय उजवीकडनं?"

"मला कशाला इचारता, विहीणबाई? माझ्यापुढं कोण बोलतंय? मी आपला यष्टीचा टाइम सांगणारा माणूस."

मी बाजार तिथंच टाकला आणि मिळेल त्या गाडीनं शेळगावला गेले. वाटभर डोळ्यांपुढे ती चीर आणि तो आवाज. वस्तीवर पोचले तेव्हा दुपार टळली होती. कुठलाच आवाज नव्हता. म्हाळसाबाई ओट्यावर बसल्या होत्या, दाराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड. हातात टकळी, लोकर कातत होत्या. मी दाराकडे निघाले तशी त्यांनी पाय आडवा घातला.

"थांबा. आत जाऊ नका."

"का? काय झालं?"

"पाजतीया ती."

"मंग मला..."

"उजवीकडं घेतलंय त्याला," त्या मागे न बघता, ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

"तुमी सांगितलं?"

"मी कशाला सांगीन? मला म्हाईतच न्हाय. मी हितं बसलीया. मी बघत न्हाय." टकळीचा धागा तुटला. त्यांनी तो जोडला, फिरवला, पुन्हा तुटला. एवढ्या मुरलेल्या हातांतून तो सारखा तुटत होता.

मी त्यांच्याशेजारी बसले. मीही रस्त्याकडे तोंड केलं. दोघींच्या पाठी दाराकडे.

"मला हल्ली कमी ऐकू येतं," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "गिळतोय का?"

मी कान दिला. "गिळतोय."

"नीट ऐका."

मी पुन्हा ऐकू लागले.